बेळगाव भागात जुन्या रेकॉर्डी गोळा करायच्या आहेत? इथून सुरुवात करा

आमच्या ऐकण्याच्या बैठकीला हल्ली पंचविशीतली पोरं-पोरी यायला लागल्यात. कुणी आजोबांच्या ट्रंकेतून निघालेली तबकडी घेऊन येतं, कुणी ऑनलाइन मागवलेली नवी एलपी. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच असतात. ही वाजवायची कशावर? हिचा भाव बरोबर लागला काय? हिच्यावर पांढरं आलंय ते पुसू काय? दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

मुंबई-पुण्याच्या संग्राहकांनी लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं, पण आपल्याकडचा माल वेगळा आहे. कुमार गंधर्वांचं सुळेभावी बेळगावला लागूनच. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल धारवाड-हुबळीचे, सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि उत्तरेला मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यामुळं शहापूर-वडगावातली किंवा निपाणीतली एखादी जुनी पेटी उघडली, की बालगंधर्वांच्या नाट्यपदाखाली कन्नड वचनांची (शिवशरणांच्या भक्तिरचनांची) तबकडी निघते. फक्त मराठी शोधणारा निम्मा खजिना तिथंच सोडून येतो. हा लेख वाचून एवढं एक डोक्यात राहिलं तरी पुरे.

१. आधी तबकडीचे प्रकार ओळखा

७८ ची तबकडी (७८ आरपीएम, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे) लाखेची असते. जड, कडक, पडली की फुटते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. जुन्या घरांत तिला सरळ 'प्लेट' म्हणतात. आपल्या देशात १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या निघत होत्या, म्हणून पन्नास-साठ सालची गाणीही ७८ वर सापडतात. तबकडी ७८ ची आहे एवढ्यावरून ती फार दुर्मीळ समजू नका.

एलपी व्हायनलची, बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. ही अमेरिकेत १९४८ मध्ये आली. रागदारी ऐकायची असेल तर एलपीपासून सुरुवात करा. तीन मिनिटांत राग गुंडाळण्याची सक्ती इथं गेली, गवई मोकळा झाला. ईपी सात इंची, ४५ फेऱ्यांची. भावगीतं, भक्तिगीतं आणि सिनेमाची गाणी यावर भरपूर. कॅसेटबद्दल पुढं बोलू.

२. प्लेअर आधी घ्या, रेकॉर्डी नंतर

क्रम चुकवू नका. वाजवायची सोय नसताना घेतलेल्या तबकड्या कपाटावर एकावर एक साचतात आणि वाकतात.

नवा घेत असाल तर सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांची सुई तबकडीवर बऱ्याचदा चार-पाच ग्रॅमने दाबून बसते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या छोट्या डबीला) साधारण दोन ग्रॅम पुरतात. बजेट कमी असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स ठीक आहे, पण तो फक्त ३३ आणि ४५ वाजवतो. ७८ ऐकायच्या असतील तर त्याच कंपनीचा एलपी१२०एक्स बघा, त्यात तिन्ही वेग आहेत. मात्र त्याच्यासोबत येणारी सुई एलपीची असते. ७८ ची खाच जवळपास तिप्पट रुंद. त्यात एलपीची सुई तळाला घासत जाते, खरखर जास्त आणि गाणं कमी ऐकू येतं. ७८ साठी वेगळी जाड सुई मिळते, ती घ्या. आणि ती जाड सुई चुकूनही एलपीवर टेकवू नका, एका फेरीत एलपी कायमची खराब होईल.

प्लेअरचा आवाज थेट साध्या ॲम्प्लिफायरमध्ये सोडला तर पातळ आणि बारीक येतो. मध्ये फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवून नीट करणारा भाग, लागतो. तो प्लेअरमध्येच आहे की वेगळा घ्यावा लागेल, हे दुकानात विचारूनच पैसे द्या.

जुना एचएमव्ही फिएस्टा किंवा फिलिप्सचा प्लेअर घरात असेल तर टाकू नका. आतलं रबराचं चाक किंवा पट्टा कडक झालेला असतो, म्हणून वेग डळमळतो. रेडिओ-टेप दुरुस्त करणारे जुने कारागीर आपल्या गल्ल्यांत अजून आहेत, त्यांना दाखवा. सुई मात्र नवीनच घाला.

पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनपासून सावध. चकचकीत कर्णा, नवीन पॉलिश, वर कुत्र्याच्या चित्राची पट्टी, असे 'अँटिक' ग्रामोफोन सुट्या भागांतून नवे जुळवलेले असतात. शोभेला ठेवायला हरकत नाही, पण त्यावर तबकडी लावू नका. खरा चावीचा ग्रामोफोन मिळाला तर त्यावर फक्त ७८ लावायची, आणि पोलादी सुई दर बाजूला बदलायची. एलपी तर त्याच्या जवळही नेऊ नका.

३. सोबत काय काय ठेवायचं

शोधायला बाहेर पडताना पिशवीत हे असू द्या:

- छोटी पण चांगल्या उजेडाची बॅटरी
- बारीक नंबर वाचायला भिंग
- मायक्रोफायबर फडकं आणि मऊ ब्रश
- दोन्ही बाजूंनी आधाराला बारा इंचांहून मोठे जाड पुठ्ठे
- तबकडी सरकवायला थोड्या प्लास्टिकच्या आतल्या पिशव्या
- वही-पेन
- सुटे पैसे (भंगाराच्या वखारीत यूपीआय चालेलच असं नाही)

कागदपत्रं फार लागत नाहीत. नव्या प्लेअरचं जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. परदेशातून रेकॉर्ड मागवली तर कुरिअरवाले कस्टमसाठी ओळखपत्र मागतात, आधार किंवा पॅनची प्रत तयार असू द्या. कस्टम ड्युटी आणि हाताळणीचा खर्च पार्सल आल्यावर कळतो, म्हणून वेबसाइटवरचा भाव हा शेवटचा भाव धरू नका. ७८ तर परदेशातून मागवूच नका. वाटेत फुटण्याची भीती फार.

४. शोधायचं कुठं

दुकान हे उत्तर सगळ्यात शेवटी येतं. आपल्याकडं रेकॉर्डी घरांतून निघतात.

दसऱ्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस सोन्यासारखे. घरोघरी धुणं निघतं, माळे रिकामे होतात, आणि जे 'आता कोण ऐकतंय' म्हणून बाहेर पडतं त्यात प्लेटी असतात. ओळखीच्या भंगारवाल्यांना भाद्रपदातच सांगून ठेवा. दुसरी वेळ म्हणजे जुनं घर पाडून अपार्टमेंट उठणार असेल तेव्हा. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागात हे सतत चालू आहे. कौलारू घरावर बिल्डरची पाटी लागली की मालकांना जाऊन भेटा.

कॅम्पात आणि आसपास राहिलेल्या लष्करी व ख्रिस्ती कुटुंबांकडं इंग्रजी गाण्यांच्या, कधी कोकणी गाण्यांच्या रेकॉर्डी मिळू शकतात. तिकडं मराठी नाट्यगीत शोधत बसू नका, पण जे मिळेल ते मन मोकळं ठेवून ऐका.

धारवाड-हुबळीला जाणार असाल तर दोन वाक्यं कन्नडमधून तोंडपाठ करा. "हळे रेकॉर्ड अदावेनरी?" म्हणजे जुन्या रेकॉर्डी आहेत का, आणि "एष्टरी?" म्हणजे केवढ्याला. समोरचा माणूस लगेच मोकळा होतो. पुढं मोडकंतोडकं बोललात तरी चालतं. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोरे-सतारी बघायला जाल, तर तिथल्या जुन्या कारागिरांकडं चौकशी करा. रेकॉर्डी त्यांच्याकडं असोत नसोत, कोणाच्या घरी गाणं होतं हे त्यांना ठाऊक असतं. पुण्याला बुधवारी किंवा रविवारी असाल तर जुना बाजार आहेच. मुंबईचा चोर बाजार प्रसिद्ध आहे, पण तिथले विक्रेते मुरलेले. नवख्याने पहिली खरेदी तिथं करू नये.

घरात गेल्यावर कसं वागायचं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेटी दाखवणाऱ्या आजी किंवा काका बहुतेक वेळा ती वस्तू नाही, एखाद्या माणसाची आठवण दाखवत असतात. लगेच भाव काढू नका. "ह्या कोण ऐकत होतं हो काकू?" असं विचारा आणि पुढचा अर्धा तास बोलू द्या. शक्य असेल तर प्लेअर सोबत न्या, त्यांच्यासमोर एक तबकडी वाजवा. कित्येकदा त्यानंतर त्या घराला रेकॉर्डी ठेवाव्याशा वाटतात. वाटू द्या. अशा वेळी त्या पुसून, पिशव्यांत घालून, उभ्या लावून देऊन या. विकायच्याच ठरल्या तर नातवंडांना ऐकता यावं म्हणून डिजिटल प्रत करून देतो असं सांगा, आणि सांगितलंत तर द्या. अशा वागण्यानं पुढची चार घरं आपोआप उघडतात.

५. हातात घेऊन तपासा

तबकडी कडेनं आणि मधल्या लेबलाला धरा, खाचांना बोट लावू नका. बॅटरी तिरपी धरून हळूहळू फिरवा. समोरून पाडलेल्या उजेडात चरे लपतात, तिरप्यात दिसतात. नख अडकेल असा चरा असेल तर सुई अडखळणार किंवा तेच तेच वाजवत राहणार. केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तरी गाणं बऱ्याचदा चांगलं निघतं.

मग ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा. ताटासारखी खोलगट झालेली एलपी उन्हात किंवा गाडीत राहिलेली असते. थोडं वाकणं चालतं, कडेला लाटा उठल्या असतील तर सोडून द्या. कापड इस्त्री करतात तसं एलपी सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांच्या हाती देऊ नका.

७८ ला कडेपासून आत आलेली बारीक चीर असते, तिला 'हेअरलाइन' म्हणतात. दिसत नाही पण प्रत्येक फेरीला टक्-टक् ऐकू येतं. लेबलाच्या भोकाभोवती खूप रेघा असतील तर ती भरपूर वाजलेली आहे. काळी तकाकी जाऊन करडी झालेली ७८ म्हणजे जुन्या पोलादी सुयांनी खाल्लेली. फार प्रिय गायकाची असेल तरच घ्या.

ऑनलाइन विक्रेते 'व्हीजी' (व्हेरी गुड), 'व्हीजी प्लस', 'निअर मिंट' (जवळजवळ नवी) अशी श्रेणी लिहितात. फोटोशिवाय त्यावर विश्वास नको. दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो मागा. द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका.

६. लेबल वाचायला शिका

एकदा ही गोडी लागली की सुटत नाही. लेबल आणि खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला नंबर असतो. भिंगातून तो वाचा, वहीत उतरवा, डिस्कॉग्जसारख्या रेकॉर्डींची नोंद ठेवणाऱ्या साइटवर शोधा. कोणत्या छपाईची प्रत आपल्या हातात आहे ते समजतं.

ग्रामोफोन कंपनीच्या म्हणजे एचएमव्हीच्या एलपींवर ईएएलपी अक्षरं दिसली तर बहुधा रागसंगीत, मोनो. ईएएसडी म्हणजे त्याचंच स्टिरिओ. ईसीएलपी आणि ईसीएसडी या मालिकांत सिनेमा, भक्तिगीतं, हलकंफुलकं गाणं जास्त. वर्तुळातल्या 'पी' पुढचं साल हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं असतं, तुमची प्रत छापल्याचं नव्हे. विक्रेते हेच साल दाखवून 'ओरिजिनल' म्हणून भाव चढवतात.

७८ च्या लेबलांवर आपल्या भागातल्या शोधकानं नावांचा अभ्यास करावा. गंगूबाईंचं मूळ नाव गांधारी, आणि सुरुवातीच्या तबकड्यांवर तेच दिसतं. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. अमीरबाई आणि गोहरबाई कर्नाटकी या विजापूरकडच्या बिळगीच्या बहिणी. अमीरबाई हिंदी सिनेमात गाजल्या, गोहरबाई बालगंधर्वांच्या सोबत मराठी रंगभूमीवर गायल्या. लेबलावर कन्नड अक्षरं बघून तबकडी बाजूला सारणाऱ्यांच्या हातून हेच निसटतं. भीमसेनांनी मराठी अभंग गायले तशी कन्नड दासांची पदंही गायली. मन्सूरांची वचनं ऐकल्याशिवाय त्यांचं रागगायन पुरतं कळत नाही असं माझं ठाम मत आहे. कन्नड लिपी येत नसेल तर शेजाऱ्यांकडून वाचून घ्या. बेळगावात असा शेजारी नसलेलं घर मिळणं कठीण.

भारतातल्या सगळ्यात जुन्या तबकड्यांत, १९०२ पासूनच्या काही वर्षांत, गाणं संपल्यावर गायक स्वतःचं नाव पुकारतो. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळावं म्हणून ही पद्धत. कलकत्त्याला कारखाना १९०८ मध्ये निघाला. असं नाव पुकारणारी तबकडी तुमच्या हाती लागली तर विकण्याची घाई करू नका, आधी जाणत्यांना दाखवा. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था अशाच लोकांची. त्यांचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चाळलंत तर माहितीचं कोठार उघडतं.

७. भाव

जुनेपणावर भाव ठरत नाही. मागणी, दुर्मीळता आणि अवस्था या तिन्हींवर ठरतो. लाखोंनी खपलेल्या सिनेमाच्या एलपी सगळीकडं पडलेल्या असतात. थोड्याच छापलेल्या रागसंगीताच्या एलपी, जुन्या नाट्यगीतांच्या चांगल्या अवस्थेतल्या ७८, यांना खरी किंमत. न वाजवता घ्यायची असेल तर 'खराब निघाली तरी वाईट वाटणार नाही' एवढेच पैसे द्या. अख्खी पेटी एकदम मिळत असेल तर ती घेणं बहुतेक वेळा परवडतं. पण पेटीतला गठ्ठा घरातल्या एखाद्याला तोडायचा नसतो, तेही समजून घ्या.

८. धुणं

व्हायनलसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, आडवा नको. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसून घ्या, लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी वापरू नका, क्षार खाचांत बसतात.

७८ ला स्पिरिट, सॅनिटायझर, आयसोप्रोपिल अल्कोहोल काही म्हणजे काही लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. व्हिडिओ बघून रेकॉर्ड क्लिनर लावणारे लोक ७८ चा पृष्ठभाग कायमचा घालवतात. किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं फडकं, बस्स. खोबरेल तेलानं चमकवण्याची जुनी सवय काही घरांत आहे. तशी तबकडी मिळाली तर सौम्य साबणपाण्यानं दोन-तीनदा पुसावी लागते.

कॅसेट हातात आली की आधी खिडकीतून टेपची कड बघा. पांढरी भुकटी असेल तर बुरशी आहे, ती तुमच्या डेकमध्ये घालू नका, दुसऱ्या कॅसेटींना लागेल. आतलं छोटं स्पंजचं पॅड निघालेलं असेल तर दुसऱ्या कॅसेटचं बसवता येतं. स्क्रूची कॅसेट उघडते, चिकटवलेली उघडायला कौशल्य लागतं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या रागसंगीताच्या कॅसेटी दिसल्या तर अवस्था बरी असली की घेऊन टाका.

९. पावसाळ्यातली राखण

मिरग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडं, विशेषतः खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भिंतींना ओल येते. पुठ्ठ्याची कव्हरं तिथंच बुरशी धरतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, जमिनीपासून वर ठेवा. रेकॉर्डी उभ्याच लावा, फार घट्ट नको, फार सैल नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा. पाऊस उघडलेल्या दिवशी कपाटाची दारं उघडून वारं लागू द्या, पण उन्हात काढू नका. डांबरगोळ्यांचा वास कव्हरांत बसतो, त्या नकोत.

एसटीनं किंवा वायव्य कर्नाटकच्या बसनं रेकॉर्डी आणताना मांडीवर, उभ्या, दोन पुठ्ठ्यांत. डिक्कीत नाही. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत तासभर सोडलेली एलपी वाकते.

१०. सापडलेलं इतरांना ऐकवा

नवीन रेकॉर्ड मिळाली की सगळ्यांना दाखवावीशी वाटते, आणि दाखवावीच. फक्त नुसता कव्हरचा फोटो टाकून थांबू नका. दोन्ही लेबलांचे सरळ, वाचता येतील असे फोटो काढा. कोरलेला नंबर, गायक, राग किंवा नाटक, साथीदारांची नावं असतील तर ती, अवस्था आणि कुठल्या गावातून मिळाली एवढं लिहा. घराचं नाव मात्र त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका. गावाच्या नोंदीला मी मुद्दाम महत्त्व देतो. नंदगडच्या घरात कन्नड तबकडी आणि सौंदत्तीच्या घरात मराठी नाट्यपद निघालं, तर इथले लोक काय ऐकत होते याचा तो पुरावा असतो. दुकानात गठ्ठा मिसळला की तो पुसला जातो.

पूर्ण गाणं इंटरनेटवर चढवण्याआधी हक्क बघा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. कवी आणि संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी जुनी असली तरी शब्दांचा हक्क शिल्लक असू शकतो.

त्यापेक्षा बैठक करा. चार-सहा जण, एकाच्या घरी, महिन्यातून एक संध्याकाळ. प्रत्येकानं नवीन मिळालेली एकच रेकॉर्ड आणायची, एक बाजू पूर्ण वाजवायची, आणि ती वाजत असताना बोलायचं नाही. बाजू संपली की आणणाऱ्यानं ती कुठं, कशी मिळाली ते सांगायचं. कन्नड रेकॉर्ड असेल तर कन्नड जाणणाऱ्यानं शब्दांचा अर्थ सांगायचा, मराठी असेल तर मराठी जाणणाऱ्यानं. नवख्यांना रेकॉर्ड धरायला, सुई ठेवायला द्या, आपण शेजारी उभं राहा. शक्यतो दुसरा शनिवार ठरवा, त्या दिवशी सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद असल्यानं नोकरदारांनाही यायला जमतं. चहा आधी किंवा नंतर, प्लेअरच्या टेबलावर कप नको.